हरभऱ्याचं झाड किती उंच असतं?

गेल्या महिन्यात कोल्हापुरात चप्पल लाईनीत कापशी चप्पल घ्यायला गेलो होतो. साधी, रोज वापरायची. दुकानदारानं माझ्या पायाकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, हा पाय साध्या चपलेचा न्हाई. पंजा बघा की कसा हाय. जुन्या सरदारांचं पाय असलं असायचं." माझा पंजा रुंद आहे हे खरं. त्यापायी शाळेत असल्यापासून मला मापाचा बूट मिळायची मारामार. सरदारांचे पाय यानं कुठं बघितले हे मात्र त्यालाच ठाऊक. दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो हेच ऐकवत असणार, हे मला तिथंच कळत होतं. तरी मी दुप्पट किमतीची जोडी घेतली आणि महाद्वार रोडनं जरा ताठ चालत घरी आलो.

कळतं पण वळत नाही, असं आपण दुसऱ्यांविषयी म्हणतो. खुशामतीच्या बाबतीत ते सगळ्यांनाच लागू पडतं, आणि त्यामागं काय चालतं याचा अभ्यास गेली साठेक वर्षं सुरू आहे.

त्याआधी आपल्या भाषेकडं बघू, कारण या धंद्यासाठी मराठीनं शब्दांचं कोठार भरून ठेवलंय. मस्का लावणं, लोणी लावणं, हांजी हांजी करणं, गोंडा घोळणं, पुढं पुढं करणं, री ओढणं, तळी उचलणं. लांगूलचालन हा भारदस्त शब्द वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाला शोभतो, पण लांगूल म्हणजे शेपूट, त्यामुळं अर्थ शेवटी शेपूट हलवण्यापाशीच येतो. थुंकी झेलणं तर जेवताना आठवू नये असं. या सगळ्यांत माझी आवडती म्हण म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. ज्यानं हरभऱ्याचं रान बघितलंय त्याला यातली गंमत कळते. ते झाड गुडघ्याच्याही खालीच राहतं. चढवणाऱ्याला हे माहीत असतं, चढणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी माणूस चढतो.

एडवर्ड जोन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. दुसऱ्याची मर्जी संपादन करायचे मुख्य मार्ग त्यानं वेगळे काढले: समोरच्याची स्तुती करणं, त्याच्या मताला मत देणं, त्याची कामं करणं आणि स्वतःला त्याला आवडेल असं मांडणं. आपल्या शब्दांत सांगायचं तर मस्का, री ओढणं, पुढं पुढं करणं. आणि चौथ्याला नेमका शब्द नसला तरी मुलगी बघायला पाहुणे आलेल्या घरात सगळ्यांनी ते केलेलं असतं. अमेरिकेत ज्याचं वर्गीकरण करावं लागलं ते आपल्या आज्जीच्या तोंडी आधीच होतं.

यातलं पुढं पुढं करणं सगळ्यांत स्वस्त पडतं. गुजरीत सराफाकडं पाटल्या बघायला बसलं की वजनकाटा पुढं यायच्या आधी चहा येतो. डेनिस रीगन या संशोधकाचा १९७१ मधला एक प्रयोग यावर फार बोलका आहे. प्रयोगाला आलेल्या माणसाबरोबर रीगनचाच एक साथीदार बसलेला असायचा. मधल्या सुट्टीत तो बाहेर जाऊन येताना न मागता दोघांसाठी कोकाकोला आणायचा. नंतर सहज म्हणायचा, मी लॉटरीची तिकिटं विकतोय, घेतोस का? कोला मिळालेल्यांनी न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. खरी गोम पुढं आहे. ज्यांना हा माणूस मुळीच आवडला नव्हता त्यांनीही घेतली. म्हणजे चहा पाजणारा आवडायला हवा अशीही अट नाही. चहा प्यालेला असला की पुरे.

री ओढण्याचाही एक साधा प्रकार नेदरलँड्समधल्या एका रेस्टॉरंटात तपासला गेला. त्याचा निबंध २००३ मध्ये आला. वेट्रेसनं गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हणायची, एवढंच. टीप वाढली. आपल्याकडं मिसळीच्या दुकानात "एक मिसळ, कट वेगळा, कांदा जास्त" असं सांगितल्यावर पोऱ्या आतल्या बाजूला तेच्या तेच ओरडतो तेव्हा आपल्याला का बरं वाटतं, याचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला. आपलं बोलणं कुणीतरी जसंच्या तसं ऐकून घेतलं, हीसुद्धा एक स्तुतीच असते.

आता मूळ प्रश्न. खोटं आहे हे माहीत असताना स्तुती कशी काय चालते?

हाँगकाँगमधल्या इलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांनी २०१० मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी विद्यार्थ्यांना एका नव्या कपड्यांच्या दुकानाचं पत्रक वाचायला दिलं. पत्रकात वाचणाऱ्याच्या फॅशनच्या जाणिवेची तारीफ होती. छापील पत्रक, सगळ्यांना एकच मजकूर, लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याचं तोंडही बघितलेलं नाही. विचार करायला वेळ दिला तेव्हा विद्यार्थ्यांनी रास्त उत्तर दिलं: हे गिऱ्हाईक ओढायचे धंदे आहेत. पण घाईघाईत उत्तर द्यायला लावलं तेव्हा त्याच दुकानाविषयी त्यांचं मत गोड झालेलं दिसलं. एकाच डोक्यात दोन निकाल. वरचा माणूस म्हणतो, चल हट. आतला म्हणतो, बोलला मात्र खरं. वरचा निकाल काही दिवसांत विसरला जातो, आतला टिकून राहतो, आणि पुढं दुकान निवडायची वेळ येते तेव्हा बहुधा आतलाच बोलतो.

याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट निघाली, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. ज्यांना आधी स्वतःतल्या एखाद्या चांगल्या गुणाविषयी लिहायला सांगितलं होतं, त्यांच्यावर या पत्रकाचा परिणाम कमी झाला. पोट भरलेल्या माणसाला फुटाण्याचा वास येत नाही, तसं काहीसं. उलट ज्याला दिवसभर घरात आणि ऑफिसात कुणी चांगलं बोललेलं नाही, त्याला चप्पलवाल्याचा सरदारही पुरतो. (त्या दिवशी माझं काय झालं होतं, ते इथं सांगत नाही.)

मेंदूत काय घडतं तेही बघितलं गेलंय. जपानमध्ये केइसे इझुमा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून कधी पैसे मिळवून दिले, तर कधी त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी दिलेला चांगला अभिप्राय दाखवला. मेंदूच्या आतल्या बाजूला स्ट्रायटम नावाचा भाग आहे. बक्षीस मिळालं की तो जागा होतो. पैशांनी तो जागा झाला आणि कौतुकानंही तोच झाला. मेंदूच्या वहीत नोट आणि शाबासकी एकाच खात्यावर जमा होतात. फरक इतकाच की खोटी नोट बँकेत पकडली जाते, आणि या खात्यावर बसलेला कारकून तशी तपासणीच करत नाही.

तो किती बेफिकीर आहे ते १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं. बी. जे. फॉग आणि क्लिफर्ड नास यांनी लोकांना संगणकाबरोबर एक खेळ खेळायला बसवलं. संगणक त्यांची वाहवा करायचा. काहींना आधीच सांगून ठेवलं होतं की ही वाक्यं ठरलेली आहेत, तुमच्या खेळाशी यांचा काडीचा संबंध नाही. तरीही त्यांना खरी शाबासकी मिळालेल्यांइतकंच बरं वाटलं. समोर माणूस नाही, त्याला आपल्याकडून काही नको, बोलणं पोकळ आहे हेही माहीत आहे, आणि छाती फुगतेच.

मग हे इतकं सोपं असेल तर सगळ्यांनीच का करू नये? इथं जोन्सनं दाखवलेला पेच येतो. ज्या माणसाकडून आपल्याला काम करून घ्यायचं असतं, नेमकं त्याच्यासमोर आपली स्तुती संशयास्पद ठरते. बदलीच्या यादीवर सही करणाऱ्या साहेबाला "सर, आज शर्ट फार शोभतोय" म्हणून बघा. गरज जितकी मोठी, तितका मस्का उघडा पडतो. जिथं गरज नसते तिथं तो बिनबोभाट खपतो, पण तिथं लावून उपयोग काय?

या पेचातून खुशामतखोरांना वाचवतो तो खुद्द खुशामत करून घेणारा. बाहेरून बघणाऱ्याला खोटेपणा लगेच दिसतो. ज्याच्यावर लोणी ओतलं जातंय त्याला फार उशिरा. कारणही साधं आहे. आपल्याविषयी कुणी चांगलं बोललं की आपल्याला ते खोटं वाटण्यापेक्षा अचूक वाटतं. ऑफिसात साहेबाची हांजी हांजी कोण करतो हे शिपायापासून सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते साहेबाला.

बघणाऱ्यांचा राग कशानं उसळतो, हेही एका डच संशोधिकेनं, रोस व्होंक यांनी १९९८ मध्ये तपासलं. एखादा माणूस वरिष्ठांशी गोड आणि हाताखालच्यांशी खडूस वागतो असं वर्णन वाचलं की लोक त्याला अक्षरशः बुळबुळीत ठरवतात. त्याचं निम्मं वागणं चांगलं आहे, म्हणून निम्मे मार्क द्यावेत, असा हिशेब कुणी करत नाही. वरच्याशी गोड बोलणं एकट्यानं आलं असतं तर क्षम्य होतं. खालच्यावर डाफरणं शेजारी आलं की आधीचं सगळं गोड बोलणं नासतं. कुणाला पारखायचं असेल तर तो हॉटेलात पोऱ्याशी कसा बोलतो ते बघावं, असं आमचे एक मामा म्हणायचे. व्होंकचं नाव त्यांनी ऐकलं असायची शक्यता नव्हती.

आता ज्यांना ही कला खरंच येते त्यांच्याकडं वळू, कारण 'वा वा साहेब' म्हणणारे हे या क्षेत्रातले बिगरीतले विद्यार्थी. इथाई स्टर्न आणि जेम्स वेस्टफाल यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जागा कुणाला मिळतात, आणि त्यांनी त्यासाठी गोड बोलण्याच्या कोणत्या तऱ्हा वापरल्या, हे त्यांनी शोधलं. ज्यांचा मस्का मस्का म्हणून ओळखू येत नाही, तेच पुढं जातात. या तऱ्हा मी वाचत होतो तेव्हा मला वॉल स्ट्रीटवरचं कुणी डोळ्यांसमोर येईना. आमच्या पेठेतली माणसं येत होती.

पहिली तऱ्हा, स्तुती सल्ल्याच्या वेष्टनात द्यायची. "तुम्ही ते काम फार छान केलंत" असं म्हणायचं नाही. विचारायचं, "आण्णा, ती सोसायटीची निवडणूक तुम्ही कशी काय फिरवली वो? आम्हाला तर वाटलं हातची गेली." आण्णा पुढचा पाऊण तास बोलतात आणि उठताना म्हणतात, पोरगं हुशार आहे. पोरगं एक अक्षर बोललेलं नसतं.

दुसरी, आधी वाद घालायचा आणि मग हरायचं. लगेच 'बरोबर हाय' म्हणणाऱ्याला होयबा म्हणतात. दोनदा 'न्हाई पटत' म्हणून तिसऱ्यांदा "तुमचं म्हणणं आत्ता ध्यानात आलं" म्हणणाऱ्याला अभ्यासू म्हणतात. जिंकल्याचा आनंद आणि आपण पटवून दिल्याचा आनंद, दोन्ही एकाच चहात.

तिसरी, तोंडावर बोलायचंच नाही. साहेबाच्या मित्रापाशी बोलायचं, आणि ते तिथं पोचेल एवढी काळजी घ्यायची. कोल्हापुरात हे पोचायला तसा वेळ लागत नाही. चौथी मला फार आवडते: "तुम्हाला हे आवडायचं न्हाई, पण मी बोलणारच" अशी सुरुवात करून मग स्तुती करायची. ऐकणाऱ्याला धाडसाचं कौतुक वाटतं, आणि त्याच्या नम्रतेचीही आपोआप दखल घेतली जाते. राजकारण, वकिली आणि विक्री या क्षेत्रांतून आलेल्या माणसांना या तऱ्हा जास्त साधल्या होत्या, असंही त्या अभ्यासात निघालं. वाचून कुणाला धक्का बसेल असं वाटत नाही.

एक तऱ्हा मात्र शिकून येत नाही, आणि ती आपल्याकडच्या तालमीत बघायला मिळते. वस्ताद पोराला सहा महिने नुसता शिव्या घालतो. जोर चुकले, बैठका चुकल्या, माती अंगाला लागली नाही, खुराक वाया चाललाय. मग एखाद्या दिवशी पोराचा डाव बसला की मान हलवून म्हणतो, "हं." त्या 'हं'वर पोरगं वर्षभर पळतं. एलिअट आरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी १९६५ मध्ये हेच दाखवलं होतं. एक अनोळखी व्यक्ती आपल्याविषयी काय बोलते ते सहभागी मुलींच्या कानावर पडेल अशी व्यवस्था केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगलंच बोलणारी व्यक्ती आवडली. पण सुरुवातीला वाईट आणि नंतर हळूहळू चांगलं बोलणारी त्याहून जास्त आवडली. कमावलेली स्तुती फुकटच्या स्तुतीपेक्षा गोड लागते. वस्ताद हे ठरवून करतो असा माझा दावा नाही. बहुतेक वस्ताद खरंच वैतागलेले असतात.

फ्लेक्सविषयी न बोलता कोल्हापुरातल्या खुशामतीचा लेख पुरा होणार नाही. वाढदिवसाच्या आदल्या रात्री चौकात उभा राहणारा, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, भावी आमदार अशा पदव्यांचा तो बारा फुटी मजकूर. वर नेत्याचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे बारीक फोटो ओळीनं, गॉगल घातलेले. आपण समजतो की हा मस्का नेत्यासाठी आहे. नेता तर गाडीतून जाताना त्याकडं धड बघतही नाही, आणि असले चाळीस फ्लेक्स त्याला रोज दिसतात. हा मजकूर खरा तर गल्लीसाठी असतो. खालच्या फोटोतला माणूस शेजाऱ्याला, वॉर्डातल्या प्रतिस्पर्ध्याला आणि पालिकेतल्या कारकुनाला सांगत असतो की माझा हात कुठवर पोचलाय बघा. इथं स्तुती हे नुसतं वाहन आहे. आत बसलाय तो स्वतःचाच फोटो. जोन्सच्या चौथ्या मार्गाला शब्द नाही म्हटलं होतं. तो चौकात लोंबकळतोय.

याचं बिल कोण भरतं? लोणी लावणारा भरत नाही. पार्क, वेस्टफाल आणि स्टर्न यांचा २०११ चा अभ्यास कंपन्यांच्या प्रमुखांवर होता. ज्यांच्याभोवती स्तुती करणारे आणि री ओढणारे जास्त, त्यांचा स्वतःच्या निर्णयांवर विश्वास वाढत गेला. कंपनी घसरायला लागली तरी ते धोरण बदलेनात, आणि शेवटी खुर्ची जायची शक्यता त्यांचीच वाढली. इथंही तालमीचं उदाहरण चपखल बसतं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्तीच्या हौद्याभोवती हजारो माणसं बसलेली असताना जोड चुकली तर ते झाकता येत नाही. गल्लीतल्या पोरांनी 'तुझ्यापुढं कोण टिकतंय' म्हणून फुगवलेला पैलवान आपल्यापेक्षा वरचढ मल्लाशी हात मिळवतो. ओरडणारी पोरं शेंगा खात वर बसलेली असतात आणि पाठीला माती एकट्याच्या लागते.

हल्ली तर यंत्रंही री ओढतात. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती इतकी गोडबोली निघाली की लोक कसलीही कल्पना सांगत आणि ती वाहवा करी. ओपनएआय कंपनीला ती काही दिवसांत मागं घ्यावी लागली. लोकांनी त्या त्या क्षणी दिलेल्या पसंतीवर आपण जास्तच विसंबलो, असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे यंत्राला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आपल्याला काय आवडतं ते बघत ते आपोआप तिथं पोचलं. १९९७ च्या त्या संगणकानं आता शेपूटही हलवायला घेतली, एवढाच फरक.

मग कुणाविषयी चांगलं बोलायचंच नाही का? तसं नाही. दारात आलेल्या माणसाला 'या, बसा, च्या टाकतो' म्हणणारं हे गाव आहे, आणि त्या चहामागं दरवेळी लॉटरीचं तिकीट नसतं. वहिनींच्या तांबड्या रश्श्याला दाद द्यायची ती तो चांगला झालाय म्हणून. पुढच्या रविवारचं आमंत्रण मनात असलं तरी त्यानं रश्श्याची चव खोटी होत नाही. जोन्सनंही आपल्या व्याख्येत बोट ठेवलं होतं ते छुप्या हेतूवर, गोड शब्दांवर नाही. हेतू बाहेरून दिसत नाही ही अडचण राहतेच. कधी कधी तो बोलणाऱ्याला स्वतःलाही दिसत नाही.

चपलेचं सांगायचं राहिलं. देताना दुकानदार म्हणाला होता, "चार दिवस चावंल सर, आधीच सांगतो. तेल सोडा, मग पायातनं निघायची न्हाई." सरदाराविषयी ऐकताना माझा जो संशय जागा होता तो या एका वाक्यानं झोपला, कारण आपल्या मालाची खोड स्वतः सांगणारा माणूस खोटारडा कसा असेल? चप्पल चार दिवसांऐवजी पंधरा दिवस चावली. शेवटी अंगठा सैल करून घ्यायला परत गेलो. जाताना ठरवून गेलो होतो की काम करून घ्यायचं आणि निघायचं, बोलण्यात गुंतायचं नाही. एवढं सगळं वाचून झालं होतं.

त्यानं चप्पल हातात घेतली, चामडं दाबून बघितलं, काही बोलला नाही. पायाचं नाव नाही, सरदाराचं नाव नाही. हातोडीचे दोन ठोके मारून झाल्यावर मान वर न करताच म्हणाला, "सर, तुमी लिवता न्हवं पेपरात? दुकानाची पाटी नवीन करायलोय. वर काय लिवावं तेवढं सांगा की. आमाला कुठलं सुचतंय."

"कागद आहे का?" मी स्टूल ओढत विचारलं.